कान्हाचं नाव मशीनला

५ जानेवारी १९९८, सोमवार
लागली एकदाची नोकरी. मानपाड्याला रंगाच्या कारखान्याचं ऑफिस. नऊ कॉम्प्युटर: सहा विंडोजचे, दोन मॅक, एक जुनंपुराणं डबडं. तिघांच्या जाती वेगळ्या, तरी एका वायरीवर फायली वाटून घेतात. त्यांचं वाजलं की मिटवायला मी. प्रत्येक मशीनला नाव लागतं. मोठे साहेब, त्र्यंबक आगाशे, म्हणाले, तुझ्या मशीनला तुला हवं ते ठेव. आम्ही कोलशेतचे कोळी, होडीला घरातल्या माणसाचं नाव देतो. मी ‘कान्हा’ टाकलं. माझा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी खाडीत गेलेला, परत आलाच नाही. तेव्हापासून आई धड जेवत नाही.

मशीन म्हणतं, हे नाव नेटवर्कवर आधीच आहे. पहिल्याच दिवशी डोक्याला ताप.

७ जानेवारी
सगळी मशीनं तपासली. कान्हा कोणीच नाही. साहेब म्हणाले, अरे मोरू, एका नावाचे दोघे चालत नाहीत, मागून आला त्याने बदलावं. मी कसला ऐकतोय. बाकीची आठही बंद केली, तरी नेटवर्कच्या यादीत कान्हा होताच. खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. वाटलं, कुठेतरी आहे तो.

९ जानेवारी
हट्टाने परत टाकलं आणि मशीनने घेतलं. यादीत आता एकच कान्हा, माझा. घरी गेलो तर आईने हाक मारली, कान्हा, हातपाय धू. म्हटलं, जीभ घसरली असेल. गप्प बसलो, कारण ती चक्क दोन भाकऱ्या जेवली.

१२ जानेवारी
शेजारची हौसाबाईही मला कान्हा म्हणते. ऑफिसच्या हजेरीवहीत माझ्या ओळीत कान्हा, आणि अक्षर माझंच. आई हसते, पुन्हा जाळं विणायला बसते. तिचं हे सुख मी कोणत्या तोंडाने मोडू?

१४ जानेवारी
आरशात बघतो तर माझ्या भुवईवर जखमेचा वण. तो कान्हाचा होता, माझा नाही. आता पुरे. ऑफिसात कान्हा पुसून ‘मोरू’ टाकलं. हे नाव आधीच आहे. बंद करून चालू केलं — तेच. आठही मशीनं बंद — यादीत मोरू. साहेबांकडे धावलो. ते म्हणाले, मोरू कोण?

१५
आई जेवली नाही. हौसाबाईला सांगत होती, माझा धाकटा मोरू खाडीत गेला, दोन वर्षं झाली, देहसुद्धा नाही मिळाला.
माझ्यासाठी रडते. डोळे मी पुसतो. मलाच म्हणते, कान्हा, तू तरी जाऊ नको रे —
कसं सांगू. सांगितलं तर तिचा हा कान्हाही जाईल.
तरी जवळ बसलो. म्हटलं, आई, बघ ना, मी इथेच आहे, मी —