आता दोन शब्द अर्पिताचे

१६ जानेवारी, गुरुवार
अर्पिताला घेऊन जालन्याला गेलो. मी, बायको निशिगंधा आणि ती. पोरगी साडेतीन वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. बोटाने दाखवते, हात धरून ओढत नेते, नाहीतर रडते. कान मागेच तपासले, कान चांगले आहेत. म्हणून डॉक्टरांनी स्पीच थेरपीला पाठवलं. तिथे समता मॅडम. वयाने अगदीच लहान.

मॅडमनी अर्पिताला विचारलं, बाहुली आवडते का? मी सांगितलं, नाही, चेंडू आवडतो. त्यांनी विचारलं, कोणता घेतेस? मी सांगितलं, लाल. मॅडम म्हणाल्या, तिला उत्तर देऊ द्या. मी म्हणालो, तिला देता आलं असतं तर आम्ही तिकीट काढून इथवर आलो असतो का? मुद्दा बिनतोड होता. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

होमवर्क मिळाला. सारखं 'हे काय, ते काय' विचारायचं नाही. एक शब्द म्हणायचा आणि थांबायचं. तिची पाळी येऊ द्यायची. उशीर तुमच्यामुळे झाला असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. काऊन सांगितलं कळलं नाही.

देऊळगाव राजात लग्नाचं निवेदन म्हटलं की लोक हरिओमचं नाव घेतात, म्हणजे माझं. बोलणं आमच्या रक्तात आहे. संकल्प: गुढीपाडव्याला अर्पिता माइकवरून शुभेच्छा देणार.

१७ जानेवारी
सकाळपासून होम प्रोग्राम सुरू. 'वाटी' म्हणालो आणि थांबलो.

थांबणं जमण्यासारखं नाही. माइकवर जरा गॅप पडला की माणसं उठून पंगतीकडे चालू लागतात. वीस वर्षांची सवय. मी वाटीची माहिती दिली, स्टीलची, पितळेची, आमटीची, खिरीची. अर्पिताने वाटी डोक्यावर ठेवली आणि निघून गेली. आकलन चांगलं आहे.

२१ जानेवारी
आईने दुसरबीडहून राघूने टोचलेला पेरू मागवला. राघूचं उष्टं खाल्लं की लेकरू बोलतं म्हणे. मी आधुनिक विचारांचा माणूस. विरोध केला. मग म्हटलं, फळच आहे, व्हिटॅमिन असतं. अर्पिताने गर खाल्ला आणि बिया माझ्या हातावर काढून ठेवल्या. आई जिभेला वेखंड लावायला निघाली तेव्हा निशिगंधाने साफ नाही म्हटलं. सासूपुढे पहिल्यांदाच.

उरलेला अर्धा पेरू मी खाल्ला. वाया कशाला घालवायचा.

२३ जानेवारी, गुरुवार
मॅडमनी चेंडू अर्पिताकडे घरंगळवला, परत घेतला, हातात धरून बसल्या. नुसत्या बसल्या. अर्पिता त्यांच्याकडे बघत होती, ओठ हलल्यासारखे वाटले. मी मागून आधार दिला: बोल बेटा, बॉल, बॉल, म्हण बॉल. मॅडमनी मला बाहेर बसायला सांगितलं. खोली लहान, माझा आवाज मोठा, घुमत असणार.

बाहेर इतर आईवडील होते. त्यांना उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयी मार्गदर्शन केलं. एक जण उठून पाणी प्यायला गेला तो आलाच नाही.

२८ जानेवारी
अंगणवाडीतून आली तर दंडावर दातांची खूण. कोण चावलं, तिला सांगता येत नाही. बाईंना माहीत नाही. विचारलं तर ती दंड दाखवते आणि रडते, दंड दाखवते आणि रडते. निशिगंधा तिला मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी अंगणवाडीत जाऊन बालसुरक्षेवर बोललो. सगळ्यांनी ऐकून घेतलं. खूण कोणाची ते कळलं नाही. रात्री जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी
दुसरबीडला लग्न. निशिगंधा नको म्हणत होती, तरी अर्पिताला नेलं. एक्स्पोजर हवं. नवरदेव मारोतीच्या पारावर गेला होता, वरातीचं नाचणं आटपेना, मंडप जांभया देत होता. संधी साधली. म्हणालो, मंडळी, आता दोन शब्द माझी कन्या अर्पिता हिचे. आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

सगळा मंडप शांत. मी प्रथमच थांबलो. मॅडमनी सांगितलं होतं तसंच.

तिने स्पीकरकडे पाहिलं, कान झाकले आणि स्टेजखाली शिरली. मी सावरून घेतलं, म्हणालो कन्या लाजली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने निशिगंधाला विचारलं, मुकी हाये का व पोरगी? माइक चालू होता, तरी मला ते ऐकू आलं. मी लगेच दुसरा विनोद सांगितला. कोणता ते आठवत नाही.

परत येताना निशिगंधा खिडकीकडे तोंड करून बसली. अर्पिता तिच्या कुशीत झोपली होती. मला फार वाईट वाटलं. हे लिहायचं नव्हतं.

३ फेब्रुवारी
माइक पुसायला काढला तर अर्पिता दारामागे. माइक कपाटात ठेवला. जालन्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
निशिगंधा तिला घेऊन एकटीच जालन्याला गेली. तुम्ही आराम करा म्हणाली. परत आल्यावर मॅडम काय म्हणाल्या विचारलं. ती सांगायला लागली, तेवढ्यात मला मागच्या वेळचा एक मुद्दा आठवला. तो बोलून होईपर्यंत तिला स्वयंपाकाला उशीर झाला.

११ फेब्रुवारी
हल्ली निशिगंधा दुपारचं मला घरात बसू देत नाही. मंडपवाल्याला भेटा, बँडवाल्याशी ओळख वाढवा, सीझन आहे. माझ्या करिअरची तिला काळजी वाटू लागली. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर का होईना.

१५ फेब्रुवारी
नवा प्रयोग, पूर्ण माझ्या डोक्यातला. बोलायचं नाही म्हणून तोंडात पाण्याची चूळ धरून अर्पितासमोर बसलो.

ती बघत राहिली. मग आपला पेला घेऊन आली, तोंडात पाणी भरलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. दोघांचे गाल फुगलेले. तिने माझ्या गालाला बोट लावलं. मी तिच्या. ती हसली, पाणी सगळं फ्रॉकवर. इतकी हसली की मला राहवलं नाही. चूळ गिळली आणि म्हणालो, वा, पाणी! म्हण पाणी! पाणी कुठून येतं? नळातून येतं, नळाला कुठून येतं?

ती उठून आईकडे गेली. प्रयोग यशस्वी. पाणीपुरवठा हा विषय बराच झाला.

२० फेब्रुवारी
मौनाचा संकल्प चालू आहे. आज पाहुणे आल्यामुळे सूट. काल आई आल्यामुळे. परवा कोणीच आलं नव्हतं, पण त्यावर बोलावंच लागलं.

२७ फेब्रुवारी
लग्नात मुलाकडच्यांनी ऐनवेळी डीजे आणला. निवेदकाची गरज नाही म्हणाले. जेवून जा म्हणाले. जेवलो नाही. दुपारीच घरी आलो.

अंगणात चप्पल काढताना आतून आवाज आला. बारीक. 'दे.' मग बराच वेळ काही नाही. मग, 'अजून दे.'

वाटलं शेजारची पोरगी असेल. खिडकीतून पाहिलं. निशिगंधा मुठीत शेंगदाणे धरून बसली होती, काही न बोलता. समोर आमची अर्पिता, हात पुढे करून. 'आई, दे.'

मी आत धावलो. काय बोललो ते लिहीत नाही, बरंच बोललो. फोन काढला, व्हिडिओसाठी पुन्हा म्हण म्हणालो. तिने तोंड मिटलं आणि आईच्या पदरात शिरली.

निशिगंधा चिडली नाही. चिडली असती तर बरं होतं. म्हणाली, दोन आठवड्यांपासून बोलून राह्यली ते. तुम्ही घरी नसता तेव्हा. मी म्हणालो, मले काऊन नाही सांगितलं? ती म्हणाली, तीनदा सांगाले बसले. तुम्ही थांबलेच नाही. आणि सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा तिले मंडपात उभी केली असती.

मी फोन खिशात ठेवला.

१ मार्च
सकाळी ओसरीवर शेंगा फोडत बसलो. अर्पिता आली. तळहातावर दाणा धरला. तोंड बंद ठेवलं. ती दाण्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. जिभेच्या टोकावर किती वाक्यं आली, सगळी गिळली.

तिने दाणा उचलला, खाल्ला, काही म्हणाली नाही. आत गेली. आतून आवाज आला, 'आई, दे.'

मले 'दे' नाही म्हणली. मी तिथंच शेंगा फोडत राह्यलो. आवाज न करता फोडता येतात, सालपट दाबून, हळूहळू.