जास्त बनतंय, की कमी मोडतंय?

प्रिय अण्णा,

आपल्या घरात पत्र लिहिण्याची कुणालाच सवय नाही, आणि तुम्हाला जाऊन आता सव्वा वर्ष होईल. तरी लिहितेय. मागच्या महिन्यात माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत पाठवलं. समासात पेन्सिलीनं एक प्रश्न होता. तो मी आधी तुमच्याकडून ऐकलेला होता.

लोकांना वाटतं, वडिलांच्या आजारपणामुळं पोरगी कॅन्सरच्या संशोधनात गेली. तुम्ही तर हृदयविकारानं गेलात! मी या विषयात आले, कारण त्या वर्षी मॅडमकडं तेवढीच जागा रिकामी होती. हे तुम्ही आपल्या अख्ख्या बजाजनगर वस्तीला सांगून ठेवलं होतंत.

तो रविवार आठवतो? तुम्ही चहात खारी बुडवत होतात आणि मी पी-फिफ्टीथ्री नावाचं प्रथिन समजावत होते. पेशीत बिघाड झाला की ते तिची वाढ थांबवतं, म्हणून गाठ होत नाही. धडधाकट पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडतेही. दुसरं एक प्रथिन त्याला खूण चिकटवतं. खूण लागली की पेशीतलं यंत्र त्याचे तुकडे करतं.

"म्हंजी आमच्या लाल रंगावानी," तुम्ही म्हणालात. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं तुम्ही तपासणीवर होतात. नापास पार्टला लाल ठिपका लागला की तो थेट भंगारात जायचा.

मग मी फुशारकी मारली. आमचं औषध दिलं की हे प्रथिन पेशीत भरपूर दिसतं, म्हणजे पेशी ते जास्त बनवते.

"जास्त बनायलंय, का भंगारात जायचं कमी झालंय?" तुम्ही विचारलंत. "आमच्याकडं एकदा माल लई कमी पडाया लागला. सगळे मशीनला शिव्या देत बसले. मशीनला काय बी झालं नव्हतं. नवा तपासनीस भिऊन चांगल्या पार्टला बी रंग फासायचा."

आणि मी काय म्हणाले? "अण्णा, हा कारखाना नाही. तुम्हाला नाही कळायचं."

"व्हय, ते बी खरं," म्हणून तुम्ही पेपर उघडलात.

भांडला का नाहीत हो? एका पार्टसाठी साहेबाशी वाद घालणारा माणूस माझ्यापुढं मुकाट बसला. शिकलेल्या मुलीचा इतका मान ठेवायचा नसतो, अण्णा! दोन महिन्यांनी तुम्ही गेलात आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

मॅडमनी तेच इंग्रजीत विचारलं. त्यांना मात्र मी लगेच म्हणाले, "हो मॅडम, करून बघते." याची मला लाज वाटते.

प्रयोग साधा आहे. पेशींचं नवीन प्रथिन बनवणंच बंद करायचं, आणि आधीचं किती वेळ टिकतं ते बघायचं. औषध न दिलेल्या पेशींत ते तासाभरात जवळजवळ दिसेनासं झालं. औषध दिलेल्या पेशींत होतं तसंच राहिलं. तीनदा केला, तीनदा तेच. जास्त बनत नव्हतं, मोडायचं थांबलं होतं. खूण लावतानाच काही अडतं की त्यानंतर, ते अजून शोधायचंय. तिसरं प्रकरण निम्मं खोडलं.

आज निकालाची एक्स-रेसारखी फिल्म उजेडात धरली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही तुम्हाला दाखवायला हवी होती. त्या रविवारीच तुमचं ऐकलं असतं, तर दाखवताही आली असती.

आता तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात, हा प्रयोग कसा सुचला? सगळे कुठल्यातरी शोधनिबंधाचं नाव पाठ करून जातात. तसं माझ्याकडंही एक आहे. पण तुम्हाला शब्द देते, मी ते सांगणार नाही. वडिलांनी विचारलं होतं, असं सांगेन. आणि मी त्यांना गप्प बसवलं होतं, हेही सांगेन.

तुमची,
वर्षा