पंधरा दिवसांची नीयत

लातूर, ६ ऑक्टोबर

मकसूदभाईंना जोहराचा सलाम. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तुम्ही खणात ठेवता, असं तुमचा शहेबाज सांगत होता. म्हणून पत्र.

एक विचारायचं आहे. एप्रिलमध्ये अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा मी नांदेडला आले. तिच्या खाटेशी बसून माझ्या बऱ्याच नमाजा सुटल्या. आता रोज एकेक कजा पढून त्या भरून काढायच्या ठरवल्या, म्हणून हाफिजसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, लग्न होऊन लातूरच्या झालात, आता नांदेड तुम्हाला परगाव. तिथे पंधरा दिवस राहायची नीयत असेल तर दुपारची, असरची, इशाची नमाज पूर्ण, चार रकात. कमी दिवसांची असेल तर तुम्ही मुसाफिर, तुमच्या दोनच. जशी सुटली तशीच भरायची. मी म्हणाले, सतरा दिवस राहिले. ते म्हणाले, राहिलात किती ते नको, मनात किती होते ते सांगा. मी उद्या सांगते म्हणून उठले.

तुम्हाला काय आठवतं?

भाभीला सलाम. आठवण ठेवून आहात, तशीच ठेवा.

तुमची जोहरा

नांदेड, ११ ऑक्टोबर

चि. सौ. जोहरास अनेक दुआ.

पत्र पोचलं. मशीन खणात नसतं, खिशात असतं. शहेबाजला काय कळतंय.

नांदेड तुला परगाव, हे वाचून तुझी भाभी हसली. मग ही परगावची पाहुणी आल्या आल्या माझे मसाल्याचे डबे कशाला हलवते, असं विचारून राहिली.

तुझ्या प्रश्नात मला अडचण दिसत नाही. ऑटोतून उतरलीस तेव्हा अम्मी चालायला लागेपर्यंत हलणार नाही, असं तू दारातच म्हणालीस. अम्मीलाही तेच सांगितलंस. सतराव्या दिवशी ती गेली, तोवर तू होतीस. शेजारच्या केवळाबाई अजून म्हणतात, लेक असावी तर अशी. चार पढ.

अर्धापूरची केळी एसटीने पाठवली आहेत. पोचल्याचं कळव. लोभ कमी करू नकोस.

मकसूद

लातूर, १६ ऑक्टोबर

मकसूदभाईंना सलाम. वि. वि.

केळी मिळाली. वरची फणी काळी पडली होती, बाकी चांगली.

दारात तसं म्हणाले, हे खरं. तेव्हा पर्समध्ये आठव्या दिवसाचं परतीचं तिकीट होतं. इथून निघायच्या आधीच काढलं होतं. कहकशांची परीक्षा होती. अम्मीने हात धरून विचारलं, राहशील ना. मी हाव म्हणाले. आठव्या दिवशी ते तिकीट रद्द केलं आणि चार दिवसांनंतरचं काढलं. मग पुन्हा तसंच. सतरा दिवसांत पंधरांची नीयत मी एकदाही केली नाही.

चार पढल्या तर अम्मीला सांगितलेलं खरं ठरतं, नमाज खोटी होते. दोन पढल्या तर मी तिला फसवलं हे रोज कबूल करायचं. मुसल्ला अंथरते आणि परत गुंडाळून ठेवते. अजून एकही पढलेली नाही.

केवळाबाईंना सांगू नका. रागावलात तरी उत्तर लिहा.

जोहरा

नांदेड, २१ ऑक्टोबर

चि. सौ. जोहरास अनेक दुआ.

दोन पढ.

तिकिटाचं मला माहीत नव्हतं. पण तुझी बॅग सतरा दिवस अम्मीच्या खोलीत खुर्चीवरच होती. लागेल तो कपडा तू तिच्यातून काढायचीस आणि धुऊन परत तिच्यातच ठेवायचीस. अम्मी पडल्या पडल्या बघायची. दुसऱ्याच दिवशी तिने मला कपाटाचा मधला कप्पा रिकामा करायला लावला. मी म्हणालो, जोहराला सांगतो, कपडे यात ठेव म्हणून. अम्मी म्हणाली, सांगू नको. तिच्या पोरीची परीक्षा हाय, ती ठेवणार न्हाई. पण जागा असू दे.

तेव्हा तू तिला फसवलेलं नाहीस. हे माहीत असून मी तुला चार लिहिलं. तुला बरं वाटेल असं वाटलं. नमाजेच्या बाबतीत तसं करायला नको होतं.

कप्पा अजून रिकामा आहे. तुझ्या भाभीने त्यात काही ठेवलेलं नाही. कजा संपल्या की ये. निघण्याआधी पंधरा दिवसांची नीयत कर आणि तिकीट एकाच बाजूचं काढ. मग इथे चार पढ.

दुआत आम्हालाही धर.

मकसूद