एकसष्ट झाडांची यादी

१२ जानेवारी १९७६
मोजणी संपली! आमच्या धावडा गावच्या वेशीपासून नाल्यापर्यंत सडकेची झाडं एकसष्ट. चिंचा चौतीस, लिंब बावीस, वड पाच. प्रत्येकाचा घेर छातीच्या उंचीवर, माझ्या शिलाईच्या टेपानं, इंचांत. दुसरं टोक पुंजारामनं धरलं – त्याची मेंढरं दुपारी ह्याच झाडांखाली बसतात. खोडांवर डांबरानं नंबर घातले. आकडे सुबक आलेत.
पुंजाराम म्हणे, "टेलर, झाडाला सदरा शिवून राह्यला का पायजमा?" हसू दे.
अप्पाराव गुरुजी आमच्या वृक्षरक्षक मंडळाचे अध्यक्ष. अर्जात "साठेक झाडे" लिहायला निघाले होते. साठेक! मी उर्दू चौथीतून उठलेला, ते रिटायर हेडमास्तर – तरी सांगावं मलाच लागतं.

२० जानेवारी
अर्ज गेला. सडक रुंद होणार, झाडं जाणार, ही बोलवा दोन वर्षांपासूनची. मंडळ त्यासाठीच काढलं. माणसं चार : गुरुजी, शाळेतल्या बेबीनंदाबाई, पुंजाराम, मी. मजकूर बाईंचा. यादी माझी, सात पानं, एकही खाडाखोड नाही.
बाई म्हणाल्या, "इंद्रभानभाऊ, यादी जोडायलाच हवी का? अर्ज पुरे आहे."
पुराव्याशिवाय अर्ज म्हणजे अस्तराशिवाय कोट, म्हटलं. जोडली.

४ फेब्रुवारी
उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी
उत्तर नाही. सडकेवर बाया चिंचा झोडून राह्यल्या. चांगुणाबाईनं हटकलं, "पुढल्या साली बी झोडू ना रे भाऊ?" म्हणालो, मावशी, नंबर पडलाय. आता सरकारदरबारी नोंद आहे, कोण हात लावतो!

९ मार्च
हात लावला. करवती, दोर, तीन ट्रक. वेशीपासून सुरुवात – नंबर एक, दोन, तीन. ठेकेदाराचा मुनशी सर्जेराव कागद बघून खुणा करत होता. वाकून पाहिलं. माझी यादी! टाइप केलेली, पण माझीच. सत्तेचाळीस नंबरच्या लिंबापुढं "पूर्वेस कललेला" हे मीच लिहिलं होतं.
"तुमीच का टेलर? लई बराबर काम केलं. आमाला मोजायचं कामच न्हाई ठिवलं."
त्यानं चहा पाजला. मी प्यालो. का प्यालो?

१० मार्च
मोर्चा काढू म्हणालो. गुरुजी दारात आडवे. "दिवस तसे न्हाईत, इंद्रभान. आणीबाणी आहे. चौघं गोळा झालेले दिसले की उचलतात." शेवटी बाई, पुंजाराम आणि मी सडकेवर उभे राहिलो. सर्जेराव अदबीनं म्हणाला, "जरा बाजूला सरा, फांदी पडंल."
सरलो.

११ मार्च
पुंजाराम दुकानावरून गेला, थांबला नाही. हाक मारली तेव्हा वळून म्हणाला, "नंबर तू घातले. मेंढरं कुठं बसवू आता – तुझ्या रजिस्टरात?"

१६ मार्च
बेबीनंदाबाई भोकरदनला कचेरीत विचारून आल्या. खुर्ची दिली तर बसेनात. मग सांगितलं. झाडांची गणती झाल्याशिवाय तोडीची मंजुरी निघत नव्हती. गणतीला माणूस मिळत नव्हता. दोन वर्षं फाइल तशीच पडून होती. आमचा अर्ज पोचला. अर्ज बाजूला राहिला, यादी फाइलीला लागली.
म्हणजे मी काही केलं नसतं, तर झाडं उभी असती.
बाई म्हणाल्या, "सांगावं की नको, हेच एस्टीत सगळी वाट ठरवत होते."
बरं केलं सांगितलंत, असं म्हणालो. ते काही खरं नाही.

१७ मार्च
मशीन उघडलं नाही.

१८ मार्च
उघडलं. एका पायजम्याचा डावा पाय दीड इंच आखूड कापला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

२३ मार्च
शेवटचा नंबर पडला. एकसष्ट. वड, घेर दोनशे सतरा इंच. त्या एकट्याला दोन दिवस लागले. वेशीतून पार नाल्यापर्यंत दिसतं आता. इतकं दिसायला नको.
मंडळाची बैठक झाली. विषय एकच – मंडळ ठेवावं का. पुंजाराम नव्हता. गुरुजी टोपी काढून डोकं पुसत बसले. ठराव नाही, काही नाही. उठलो.

२५ मार्च
पुंजाराम दुकानात आला, हाताला धरून सडकेवर घेऊन गेला. नाल्याच्या अलीकडं, सडकेपासून जरा आत एक चिंच उभी! खोडावर नंबर नाही. "इथं भाकर खाल्लती आपण," एवढंच बोलला. खरं आहे. मोजणीच्या दिवशी तिच्या सावलीत जेवलो, हात धुतले आणि उठून पुढच्या झाडाला टेप लावला.
बासष्ट. माझी यादी चुकली होती. साठेकच बरोबर होतं म्हणायचं!

२६ मार्च
सर्जेराव त्या चिंचेखाली उभा. "टेलर, ही यादीत कशी न्हाई? सडकेच्या मध्यापासून चाळीस फुटाच्या आत आसंल तर पाडावी लागंल. तुमीच मोजून सांगा. तुमच्यावानी माप कुनाचं न्हाई."
पुंजारामनं टोक धरलं. टेप सात वेळा टाकला. चौतीस फूट तीन इंच.
"बेचाळीस," मी म्हणालो.