एका अळीची जात

प्रिय एल्वियाताई,

यंदा अकरा विद्यार्थ्यांचे प्रबंध माझ्याकडे आहेत, डोळे शिणून गेलेत. त्यातली झुलाय वर्षभर अंबातो शहराजवळच्या ओढ्यातल्या अळ्या मोजत होती. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की एका अळीची जात मीच तिला चुकीची सांगितली होती. मी सांगितलेली जात स्वच्छ पाण्यातच जगते, म्हणून ओढा स्वच्छ असल्याचा तिचा निष्कर्ष त्याच अळीवर उभा होता.

तिला सांगितलं, तर रडायलाच लागली. "मॅडम, घरचे ट्रकने निघालेत. आजीने जेवणासाठी बारा गिनिपिग भाजलेत! आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

चूक माझी, असं विभागाला लिहून दिलं. परीक्षा तीन महिने पुढे गेली. तिच्या घरची माणसं तरी आलीच. प्रयोगशाळेबाहेर पंगत बसली आणि आजीने पहिलं ताट मला वाढलं. "खा गं पोरी. मोजेल ती परत. आम्हीही येऊ परत, तेवढंच फिरणं!"

ताट हातात घेतलं आणि तू आठवलीस. ताई, माझ्या तोंडी परीक्षेची तारीख मी तुला चुकून वेगळी सांगितली नव्हती. तुझ्या गावाकडच्या घागऱ्याची मला लाज वाटली होती. तू परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नवी टोपी घालून आलीस आणि शिपायाला माझी खोली विचारत राहिलीस. मी वरच्या खिडकीतून बघत होते.

हे विभागाला लिहून देता येत नाही, आणि हे पत्र तुला पाठवतही नाही.

तुझी धाकटी,
मगाली