पुलावरची नव्वद मिनिटं

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन तेवीस दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही म्हणून तू चिडला असशील, आणि तिला ऑफिसात काम असतं असं सांगून वहिनीने तुला गप्प केलं असेल. काम होतंच. पण खरी गोष्ट अशी की तू त्या पत्रात एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर द्यायची माझी हिंमत होत नव्हती. तीनदा कागद घेऊन बसले आणि तीनदा उठले. दिवसभर 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिणाऱ्या बाईला सख्ख्या भावाला चार ओळी लिहिता येत नाहीत, म्हणजे बघ. आज मात्र संपवायचंच आहे, कारण मदतसंस्थेच्या डॉक्टरबाई परवा पूल ओलांडून तुमच्याकडे येतायत आणि हे पत्र त्यांच्या पिशवीतून येईल. नेहमीसारखं औषधांच्या खोक्यांबरोबर, चौकीवाल्यांनी वाचायच्या उघड्या पाकिटातून नाही. मग औषधच का नाही देत त्यांच्याकडे, असं तू म्हणणार. अरे, त्या बाईंना स्वतःच्या डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा चौकीवर मोजून दाखवाव्या लागतात. इन्सुलिनची एक बाटली सापडली तर त्यांचा परवाना जाईल, आणि मग या पुलावरून ये-जा करणारं एकही माणूस उरणार नाही.

इकडे तसं बरं आहे. गुडघे कुरकुर करतात, दाताचं काम मी पुढे ढकलतेय. आमचं परराष्ट्र खातं नव्या इमारतीत गेलंय. मला काचेची केबिन मिळाली, म्हणजे मी डुलकी घेतली तर आता सगळ्या मजल्याला दिसते. दारावर पाटी आहे, 'नदीपलीकडील क्षेत्र'. क्षेत्र म्हणायचं, प्रदेश म्हणायचं नाही; त्यावर म्हणे चार बैठका झाल्या. तू ज्या गावात तीस वर्षं औषधांचं कपाट सांभाळतोयस, जिथे मी दर रविवारी पायी वीस मिनिटांत जेवायला यायचे, ते गाव आता माझ्या दारावरच्या पाटीत आहे आणि मला तिथे येता येत नाही. अकरा वर्षं झाली या तमाशाला. आमचं सरकार म्हणतं ती जमीन आमची, तुमच्याकडचे म्हणतात तुमची, आणि जगभरातले पाहुणे येऊन दोघांनाही संयम राखा म्हणून सांगतात आणि आमच्या कॅन्टीनची कॉफी पिऊन जातात.

वहिनीच्या पायाचं वाचलं आणि मी पत्र घडी करून ठेवलं. मग परत उघडलं. दोन बोटं काढावी लागली, आणि ती म्हणे डॉक्टरांना विचारत होती की आता चपला स्वस्तात मिळतील का. असंच बोलणार ती. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून बघतेय. गणिताच्या पेपरात नापास झाली तेव्हाही मास्तरांनाच धीर देत होती. तुमचं लग्न मीच जमवलं, हे तू विसरला असशील, मी नाही विसरले. एकोणीस वर्षं ती सुई टोचून घेतेय आणि त्यातली पहिली सोळा-सतरा वर्षं साखर ताब्यात होती. बिघडायला लागली ती मदतीचं इन्सुलिन सुरू झाल्यापासून. तू लिहिलंस की नितळ असायला हवं ते बाटलीत गढूळ दिसतं, तळाशी दोरे तरंगतात, आणि तुझ्या यादीतल्या एकतीस जणांपैकी नऊ जणांची साखर गेल्या उन्हाळ्यात अशीच चढली. आणि मग तो प्रश्न. 'खोकी पुलाच्या मधोमध लोखंडावर नव्वद मिनिटं उन्हात का ठेवतात? हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? तू तिथेच बसतेस, जरा शोधून काढ.'

पुलावर काय होतं ते तू तुमच्या टोकावरून बघतोस. आमच्या टोकावरून ते कसं दिसतं ते ऐक. आमचे हमाल खोकी नेऊन मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवतात आणि परत येतात. मग तिथे कुणीच नसतं. नव्वद मिनिटांनी तुमचे हमाल येतात आणि उचलतात. म्हणजे आम्ही कुणाला काही दिलं नाही आणि तुम्ही कुणाकडून काही घेतलं नाही. दिलं म्हटलं तर तिथे घेणारं कुणीतरी सरकार आहे असं मान्य केल्यासारखं होतं, आणि घेतलं म्हटलं तर तुमच्याकडच्यांची मान खाली जाते. दोन्हीकडची माणसं एका फोटोत येऊ नयेत म्हणून मध्ये वेळ सोडायची. बर्फाच्या पिशव्यांचं तर आणखी भारी. त्या परत वापरायच्या असतात, म्हणजे रिकाम्या परत यायला हव्यात. पण पलीकडून वस्तू परत येणं म्हणजे आयात, आणि जो प्रदेशच नाही त्याच्याकडून आयात कशी होणार? म्हणून आमचे सीमाशुल्कवाले पुलावर जायच्या आधी बर्फ काढून घेतात. चार हजार किलोमीटर गारव्यात आलेलं औषध शेवटच्या दीडशे मीटरात शिजतं. आणि खोक्यावर देणाऱ्या देशांचे सात झेंडे छापलेले असतात, ते मात्र उन्हात अजिबात विटत नाहीत.

तर दादा, तो शहाणा मी आहे. तीन वर्षांपूर्वी या व्यवस्थेचा मसुदा माझ्याकडे आला. ठेवणं आणि उचलणं यात किती वेळ सोडायचा तो आकडा वरून यायचा होता, तो आला नव्हता. जागा मोकळी सोडली तर आमच्याकडे फाईल पुढे सरकत नाही, नोंदणीतूनच परत येते. म्हणून काहीतरी आकडा टाकून ठेवायचा आणि नंतर बदलायचा, हे आम्ही सगळेच करतो. मी घड्याळाकडे बघितलं. साहेबांची बैठक दीड तासाने होती. मी 'नव्वद मिनिटे' लिहिलं, पेन्सिलीने शेजारी 'तात्पुरते' असं लिहिलं आणि बैठकीच्या तयारीला लागले. माझ्यानंतर ती फाईल चौदा कार्यालयांतून गेली. पहिल्यातच कुणीतरी स्वच्छ टंकून घेतली आणि पेन्सिल गेली. चौदा जणांनी वाचली असेल का, कुणास ठाऊक. सगळ्यांनी सही केली. मी नंतर लक्ष ठेवायला हवं होतं, ठेवलं नाही. मला वाटलं, कुणीतरी विचार करून तोच कायम केला असेल. शपथ घेऊन सांगते, खोक्यांत काय येणार हेही तेव्हा ठरलं नव्हतं. पण याने वहिनीची बोटं परत येत नाहीत.

तुझं पत्र यायच्या आधीच मला हे कळलं होतं, हेही सांगून टाकते. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरबाईंनी अहवाल दिला तेव्हा. मी त्याच दिवशी टिप्पणी लिहिली की वीस मिनिटं पुरे आहेत. ती परत आली. पुन्हा लिहिली, तापमानाचा तक्ता जोडून. तेव्हा कळलं की दरम्यान आमच्या प्रवक्त्यांनी कुठल्याशा परिषदेत 'नव्वद मिनिटांचं तत्त्व' असं भाषण ठोकून टाळ्या घेतल्यात. दोन देशांनी त्याची प्रत मागवली. एका प्राध्यापकाने त्यावर निबंध लिहिलाय. नव्वदच का, याची सहा कारणं त्याने दिली आहेत, आणि ती वाचून मला क्षणभर वाटलं की मी खरंच हुशार असेन. आता वेळ कमी केला तर आमची भूमिका मवाळ झाली असा अर्थ निघतो. वाढवायला कुणाची हरकत नाही. मी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहून सांगितलं की हा आकडा कुणी ठरवलेला नाही, माझ्या घड्याळातून आलाय. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "बाई, आता तो आपल्या सगळ्यांचा आहे. तुमच्या एकटीचा राहिला नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? केबिनमध्ये येऊन पाणी प्यायले आणि पुढची फाईल उघडली. तुझी बहीण अशी निघाली, दादा. लहानपणी तुझ्या वाटचं भांडण मी भांडायचे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात पुन्हा बैठक होती आणि माझा तोल गेला. सगळे आकडेमोड करत होते, आणि मी म्हणून गेले की माझा स्वतःचा भाऊ पलीकडे औषधं वाटतो, माझी वहिनी त्या औषधाने अर्धा पाय घालवून बसेल. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. मला वाटलं, चला, कुणाला तरी लाज वाटली. मूर्ख मी. टेबलाच्या टोकाला मंत्र्यांच्या कार्यालयातला एक सल्लागार बसतो, नेहमी हसतमुख. त्याने फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या भावाने आपल्या देशाचं नागरिकत्व कधी सोडलंय का?" मी म्हणाले, नाही, तसा अर्ज त्याने कधी केलाच नाही. त्याने ते लिहून घेतलं. एखाद्या बाईचं दुःख ऐकून पहिल्यांदाच कुणी काही लिहून घेतलं म्हणून मला बरंही वाटलं.

त्यांनी काय शोधून काढलं ते आता सांगते, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. येत्या खोक्यांबरोबर तुला एक सरकारी पत्र येईल, सोबत एक अर्ज. त्यात लिहिलंय की औषधं इथून पुढे थेट तुझ्या हातात मिळतील, बर्फासकट, एक मिनिटही न थांबता. हे खरं आहे, ते शब्द पाळतील. कारण घेणारा आपलाच नागरिक असेल तर परक्याला दिल्याचा प्रश्नच येत नाही. पण अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे की तू या देशाचा नागरिक म्हणून, या देशाच्याच हद्दीत राहून ही मदत स्वीकारतोयस. खाली तुझी सही हवी, आणि पट्ट्यावर उभं राहून एक फोटो. पुढच्या महिन्यात मोठी परिषद आहे, तिथे तो पडद्यावर दाखवायचा आहे. औषध हे त्यांच्यासाठी निमित्त आहे. तुमच्या शेजारच्या मास्तरांकडे आमचं जुनं ओळखपत्र निघालं तेव्हा त्यांचं काय झालं, नोकरी, घर, सगळं कसं आठ दिवसांत गेलं, हे तूच मला लिहिलं होतंस. त्यांची तर सहीसुद्धा नव्हती कुठे. ते सरकारी पत्र वाचून तुझं मन विरघळेल, कारण ते मी लिहिलंय. मला बसवून लिहून घेतलं. आईचा उल्लेख आहे त्यात, तिच्या शेवटच्या दिवसांचा, तुला येता आलं नाही त्याचा. तो कुणी सांगितला नव्हता, मी आपणहून घातला, कारण तू कशाने वळतोस हे मला माहीत आहे आणि मला वहिनीसाठी ते गार औषध हवं होतं. खाली सही माझी आहे. पाकीट बंद झाल्यावर मला माझीच शिसारी आली. सही करू नकोस असं सांगायला आज बसले होते, पण तेही माझ्या हातून लिहिलं जात नाहीये, कारण त्याचा अर्थ वहिनीचं औषध मी दुसऱ्यांदा अडवायचं, आणि या वेळी जाणूनबुजून. म्हणून एकच कर. हे पत्र आणि ते पत्र, दोन्ही तिच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, तू मधल्या ओळी गाळशील, मी ओळखते तुला. तिला स्वतः वाचू दे, नव्वद मिनिटं कुणी लिहिली तेही वाचू दे. चौदा कार्यालयांना विचारून झालं, सात देशांना विचारून झालं, तिला अजून कुणी विचारलेलं नाही. ती जे म्हणेल ते कर, आणि मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या तिने स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवाव्यात.

तुझीच,
ठकी