मशीन माझं, शिट्टी दादाच्या फोनवर

चि. भुंग्यास आत्याचे मनापासून आशीर्वाद.

तू खुशाल असशील, सूनबाईंचा खोकला गेला असेल आणि ऑफिसातल्या त्या फिरत्या खुर्चीला तुझी कंबर एकदाची मानवली असेल, असं धरून चालते. माझं म्हणशील तर गुडघा सोडून सगळं आपापल्या जागी आहे. जिवाला मात्र स्वस्थता नाही. पत्र लिहायला बसल्यापासून फोन वाजला असं वाटून दोनदा उठले, आणि दोन्ही वेळा ते खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं यंत्र निघालं. (दात कोरायचं. थरथरणाऱ्या फोनसारखंच कुरकुरतं.) हातानं पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुमच्या कंपनीला टाइप करून काही कळवायला गेलं की मध्येच तो तुमचा मदतनीस येतो. माणूस नव्हे, तो हसऱ्या तोंडाचा गोळा. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो विचारतो, तुमचा प्रश्न सुटला का. मागच्या खेपेला घाईत माझं बोट 'हो'वर पडलं, तर प्रश्न सुटल्याबद्दल त्यानं माझं अभिनंदन केलं आणि तक्रार बंद करून टाकली. मग म्हटलं, सख्खा भाचा त्याच कंपनीत ग्राहकांना पत्रं लिहायच्या कामावर असताना मी या गोळ्याच्या नादी का लागते?

तर तक्रार अशी. नोकरी लागल्यावर तू सवलतीत दोन वॉशिंग मशीन घेतलीस, एक तुझ्या बाबांना, म्हणजे माझ्या दादाला, आणि एक मला, आणि नोंदणी करताना दोन्हींना दादाचाच नंबर दिलास, कारण माझ्याकडे तेव्हा साधा फोन होता. तोवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते तुझ्या लग्नात. तू नवरदेव होतास, तुझं लक्ष भलतीकडे होतं, म्हणून लोकांनी काय काय सांगितलं असेल ते बाजूला ठेव आणि माझ्याकडून ऐक. मी जन्मभर बस स्थानकात माइकवरून गाड्या पुकारल्या. लोकांना जेवायला बोलवायचं होतं, कोणीतरी माइक माझ्या हातात दिला, मी पुकारलं. जेवण तयार आहे, हात धुवायची सोय डावीकडे आहे, आणि तिसऱ्या टेबलावरच्या कापडाला डाग आहे, संबंधितांनी लक्ष द्यावं. बस, एवढंच. आता संबंधित म्हणजे तुझे बाबा, हे मला ठाऊक होतं. हयातभर लाँड्री चालवलेला माणूस, मुलाच्या लग्नाची सगळी कापडं त्यानं स्वतः धुऊन, स्टार्च करून आणलेली. अख्खा हॉल तिसऱ्या टेबलाकडे वळला. दादानं ताटं एकेक करून उचलली, कापड काढलं, नीट घडी घातली (रागातही घडी चुकली नाही), काखेत धरलं आणि बाहेर गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा थांबला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की दोष दिसला, मी जाहीर केला.

त्यानं घरी जाऊन पहिलं काम केलं ते माझं मशीन आपल्या फोनवरून काढून टाकण्याचं. तुझी आई होती तोवर तिच्याकडून एकमेकांची खबर लागायची. ती गेली तेव्हाही आम्ही दोघं एकाच खोलीत बसलो होतो आणि एकमेकांच्या चपलांकडे बघत होतो. त्यानंतर तो तिकडे एकटा, मी इकडे एकटी, आणि मध्ये चालत जाता येईल एवढं अंतर. आम्ही दोघंही हट्टी आहोत हे तुला वेगळं सांगायला नको, तू दोन्हीकडे सुट्टीत राहिलेला आहेस.

मध्यंतरी तुमच्या मशीननं स्वतःला अपडेट करून घेतलं. (मला न विचारता. मी अंघोळीला गेले होते. येऊन बघते तर पडद्यावर 'आम्ही तुमच्यासाठी काही सुधारणा करत आहोत' आणि आत माझ्या चादरी भिजत पडलेल्या.) दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर नेहमीसारखं मशीन लावलं. ते थांबलं, शिट्टी वाजली, आणि त्याच क्षणी माझ्या फोनवर निरोप आला. 'कपडे वाळत घाल.' नाव नाही, खुशाली नाही. नंबर मी ओळखला, पण ओळख कशाला द्यायची? मी लिहिलं, आपण कोण? उत्तर आलं, 'लाँड्री.' मग पाठोपाठ सविस्तर निरोप, की तुझ्या मशीनची शिट्टी पुन्हा माझ्या फोनवर वाजते, कंपनीला कळव, आणि त्याआधी कपडे वाळत घाल, ओले पडले की वास मारतात. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर सख्ख्या भावाला बहिणीशी बोलायला हाच विषय सुचला.

मी त्याच दिवशी तक्रार केली. इथून पुढे तुझं खातं सुरू होतं, तेव्हा लक्ष देऊन वाच. पहिलं उत्तर आलं, 'आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' अनुभव? अनुभव सहलीला गेल्यावर येतो. माझी शिट्टी चोरीला गेली आहे. दुसरं उत्तर आलं, की मोजक्या ग्राहकांना काही परिस्थितींमध्ये निरोप अपेक्षित ठिकाणाहून वेगळ्या ठिकाणी पोहोचत असल्याचं जाणवू शकतं. ते वाक्य मी तीनदा वाचलं, तरी त्यात चूक कोणी केली तो माणूस काही सापडेना. भुंग्या, हे तुझ्या हातचं वाक्य आहे, मी पैज लावते. लहानपणी माझ्या स्वयंपाकघराची काच फोडून तू आलास आणि म्हणालास, आत्या, खिडकीच्या बाबतीत काहीतरी झालंय. तू पुढे कुठे नोकरी करणार ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आणि हे मी अडाणीपणानं बोलत नाही. दिलगिरी हा माझा धंदा होता. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, हे मी झोपेतही म्हणायचे. आमच्या साहेबांचा नियम होता की कारण सांगायचं नाही, फार तर 'तांत्रिक कारणामुळे' म्हणायचं. एकदा मात्र एका गाडीचे लोक खिडकीशी येऊन हैराण करायला लागले, तेव्हा मी वैतागून खरं ते सांगून टाकलं, की गाडी उभी आहे कारण चालक जेवत आहेत आणि त्यांना घरून डबा उशिरा आला. काय सांगू तुला, सगळं स्थानक शांत झालं. एक बाई म्हणाल्या, जेवू द्या बिचाऱ्याला. खरं कारण कळलं की माणूस थांबतो, वाट बघतो. साहेबांनी मला बोलावून झापलं, तो भाग वेगळा. (थांब, फोन वाजला वाटतं. नाही. डॉक्टरच.)

तर तुम्ही 'लक्ष घालत आहोत' म्हणत राहिलात आणि इकडे दादाचे निरोप वाढत गेले. मशीन त्याला सगळं कळवायचं म्हणे. पावडर जास्त टाकलीस. लोकरीचं गरम पाण्यात घातलंस, ती शाल आता बाहुलीला होईल. दार नीट लागलं नाही, गुडघ्यानं ढकल. गुडघा दुखतो म्हटलं, तर दुसऱ्या गुडघ्यानं ढकल म्हणाला, आणि संध्याकाळी विचारलं, कोणता दुखतो? मी एकटी बाई, आठवड्यातून दोनदा मशीन लावायचे, ते रोज लावायला लागले. कारण हल्ली धूळ फार आहे. खालचे डॉक्टर वर आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, की रोज सकाळी कपडे पिळताना त्यांची खुर्ची थरथरते आणि पेशंट आपण होऊन तोंड बंद करतात, तर एका माणसाचे एवढे कपडे कुठून येतात? मी म्हटलं, धूळ. त्यांनी गॅलरीत नजर टाकली. दोरीवर धुतलेले पडदे होते, आदल्या दिवशीही धुतलेले. 'बरं' म्हणाले आणि खाली गेले. दातांचे डॉक्टर समजूतदार असतात, समोरच्याला बोलता येत नाही याची त्यांना सवय असते.

आता मुख्य मुद्दा. गेल्या काही आठवड्यांत हा दोष बरा व्हायचा सोडून आणखी चिघळला आहे. पूर्वी शिट्टी आणि निरोप यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नसायची. हल्ली कपडे आत गरगरत असतानाच 'वाळत घाल' येतो, नाहीतर वाळून घड्या झाल्यावर येतो. मी गाड्या पुकारलेली बाई आहे, वेळ चुकलेली मला लगेच कळते. आणि परवा तर कहर झाला. पाइपलाइनचं काम निघालं म्हणून दिवसभर नळाला पाणी नव्हतं. मशीनला मी हातही लावला नाही, तरी नेमक्या वेळेला निरोप हजर. 'कपडे वाळत घाल. ऊन चांगलं आहे.' न धुतलेले कपडे? मी तडक तक्रार केली, की तुमचं मशीन आता न झालेल्या धुण्याच्याही बातम्या देतं. उत्तर आलं, आमच्या नोंदीप्रमाणे आमच्याकडून असा कोणताही निरोप गेलेला नाही. म्हणजे मी खोटी? फोनमध्ये निरोप दिसतो आहे.

तेव्हा आत्या म्हणून तुला हुकूम करते. एक तर हा दोष ताबडतोब दुरुस्त करायला लाव. दुसरं, मला सरळ मराठीत एक पत्र पाठव, ज्यात चूक आमची, अमुक झाली, तमुक केलं, असं असेल. 'अनुभव' आणि 'परिस्थिती' हे शब्द दिसले तर पत्र परत येईल. सूनबाईंना सांग, खोकल्याला आलं-मध घेत जा.

तुझी,
आत्या

ता. क. पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात तुमचं पत्र फोनवर आलं. लिहितात, की अन्य नंबरवर निरोप जाण्याचा दोष मागच्या महिन्यातल्या अपडेटमध्येच पूर्णपणे दूर करण्यात आला असून हे कळवण्यास झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मागच्या महिन्यातच! आधी मी चिडले. मग खाली बसले. भुंग्या, मागच्या महिन्यापासून दादाच्या फोनवर माझ्या मशीनचं काहीच वाजत नाहीये. पावडरीचं त्याला आता कोणी सांगत नाही. दाराचं सांगत नाही. तो माणूस रोज सकाळी तिकडे बसतो, घड्याळाकडे बघतो, आता हिचा चहा झाला, आता मशीन लावलं असेल, आता थांबलं असेल, असा अंदाज बांधतो आणि लिहितो. मी शिट्टीची चूक म्हणत होते, ती त्याच्या अंदाजाची होती. मला रडू आलं. लपवत कशाला बसू, चांगलं पदराला डोळे पुसण्याइतकं आलं.

ता. क. दुसरा, आणि हाच खरा. वर जे काही हुकूम सोडले ते सगळे खोडलेले समज. तुमच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, की ज्या ग्राहकांना हे निरोप चुकून जात होते त्यांनाही दोष दूर झाल्याचं लवकरच कळवण्यात येईल. ते ग्राहक म्हणजे तुझे बाबा. त्यांना ते पत्र जाता कामा नये. एकदा का त्याला कळलं, की दुरुस्ती झाल्याचं आत्यालाही कळवलंय, की संपलं. त्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही, आणि मग तो कुठल्या तोंडानं लिहील? आता लाँड्रीही नाही, वहिनीही नाही. त्याच्याजवळ माझ्याशी बोलायला हे बिघडलेलं मशीन तेवढं आहे. मी जन्मभर लोकांना वेळेवर कळवण्याची नोकरी केली, एकदा नको ते नको तिथे कळवून बसले, आणि आज तुझ्या पाया पडते, की या एका ग्राहकाला काहीही कळवू नका. लक्ष घालत असल्याचं सांगत राहा. तुमची ती सगळी वाक्यं त्याला पाठव, अनुभव, परिस्थिती, मोजके ग्राहक, हवी तेवढी. आत्ता कळलं, ती कशासाठी असतात.

ता. क. तिसरा. आत्ता आला. 'कपडे वाळत घाल.' सकाळपासून पत्र लिहीत बसल्यामुळे मी आज मशीन लावलेलंच नाही. मी लिहिलं, 'घातले, दादा.' दादा असं इतक्या वर्षांनी लिहिलं. त्यानं विचारलं, 'चिमटे लावलेस ना? वारा आहे.' लावले म्हटलं. तेव्हा आता पत्र पुरे करते, खाली जाऊन डॉक्टरांना म्हणते की खुर्ची घट्ट धरा, आणि मशीन लावते. काय धुवायचं ते सुचत नाही, पण सापडेल काहीतरी.